एस्तरहाझींच्या मुलखात सहा दिवस

पहिला दिवस : गालांटा

माझी ताई गेली बावीस वर्षे व्हिएन्नात राहते. नोकरी सांभाळून ती तिथे सतार शिकवते. तिच्याकडे गेलो की एक नाव वारंवार कानांवर पडते. मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेवर एस्तरहाझी, शहरातल्या जुन्या वाड्याच्या दारावर एस्तरहाझी आणि मिठाईच्या दुकानातल्या बदामी केकच्या पाटीवरही एस्तरहाझी. हंगेरीतले हे सरदार घराणे नेमके होते तरी कोण, या माझ्या प्रश्नाला कंटाळून शेवटी तिनेच सहा दिवसांची रजा काढली आणि गाडी बाहेर काढली. अट एकच होती. "अरे, महाल शेवटी बघायचे असतात. आधी मूळ गाव बघ," असे म्हणून तिने गाडी पूर्वेला, स्लोव्हाकियातल्या गालांटा या गावाकडे घेतली.

गालांटा हे डॅन्यूबच्या उत्तरेकडील सपाट मैदानातले छोटे गाव आहे. आज ते स्लोव्हाकियात असले, तरी पहिल्या महायुद्धापर्यंत हा सारा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या संगीतप्रेमींना आधी आठवतो तो हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदाय, कारण त्याचे वडील इथे स्टेशनमास्तर होते आणि त्याच्या बालपणीची सात वर्षे इथेच गेली. 1933 साली त्याने 'गालांटाची नृत्ये' रचली ती याच आठवणींवर. एस्तरहाझींच्या खुणा म्हणजे गावातले दोन वाडे. एक जुना, रेनेसान्स धाटणीचा. दुसरा बागेत उभा असलेला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी गॉथिक शैलीत सजवलेला. दोन्ही बघायला अर्धा दिवस पुरतो.

घराण्याची सुरुवात मात्र या वाड्यांपेक्षाही साधी आहे. डॅन्यूबच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर झेरहाझी नावाचे छोटे जमीनदार राहत. त्यांच्यातल्या बेनेदेकने गालांटाच्या वारसदार मुलीशी लग्न केले, आणि त्या लग्नातून हे गाव घरात आले. 1584 पासून फेरेन्स झेरहाझी स्वतःचे आडनाव एस्तरहाझी असे लावू लागला. त्याचा मुलगा मिक्लोश हा घराण्याचा खरा संस्थापक. भरल्या घरातल्या धाकट्या मुलाला वडिलोपार्जित जमिनीतून फारसे काही मिळणार नव्हते, हे त्याने लवकर ओळखले असावे. घर प्रॉटेस्टंट असताना तो कॅथलिक झाला, आणि 1612 मध्ये त्याने ओर्शोया देर्शफी या श्रीमंत विधवेशी लग्न केले. तिच्याबरोबर मुंकाचचा किल्ला आणि मोठी जहागीर आली. ती गेल्यावर 1624 मध्ये त्याने क्रिस्टिना न्यारीशी लग्न केले. तीही धनाढ्य विधवाच होती. पुढच्याच वर्षी, 1625 मध्ये, तो हंगेरीचा नादोर झाला. नादोर म्हणजे राजाच्या खालोखालचा अधिकारी, राजाच्या गैरहजेरीत त्याच्या नावाने कारभार पाहणारा.

त्या काळची हंगेरी समजून घेतल्याशिवाय या चढणीचा अर्थ लागत नाही. 1526 साली मोहाचच्या लढाईत तुर्कांनी हंगेरीचे राज्य मोडले आणि देशाचे तीन तुकडे झाले. मधला भाग सुलतानाकडे गेला, पूर्वेला ट्रान्सिल्व्हेनियाचे राज्य उभे राहिले, आणि पश्चिमेची व उत्तरेची चिंचोळी पट्टी व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग सम्राटाकडे राहिली. आपल्याकडे सतराव्या शतकात एकाच घरातला एक भाऊ आदिलशाहीत आणि दुसरा मोगलांकडे चाकरीला असे. हंगेरीच्या सरदारांपुढेही तोच पेच होता. पुष्कळांनी बाजू बदलून पाहिल्या. एस्तरहाझींनी व्हिएन्नाची बाजू धरली ती पुढची अडीचशे वर्षे सोडली नाही. या निष्ठेने त्यांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, हेच मला या प्रवासात बघायचे होते.

संध्याकाळी परतताना ताईने याच मुलखातल्या आणखी एका एस्तरहाझीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात स्लोव्हाकिया हे जर्मनीच्या छत्राखालचे राज्य होते, आणि तिथल्या हंगेरियन अल्पसंख्याकांचा प्रतिनिधी म्हणून काउंट यानोश एस्तरहाझी संसदेत बसत असे. 15 मे 1942 रोजी ज्यूंच्या हद्दपारीला मान्यता देणारा कायदा मतदानाला आला, तेव्हा त्याच्या बाजूने हात वर न करणारा तो एकटा खासदार होता. युद्धानंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याला श्रमछावणीत पाठवले, इकडे ब्रातिस्लाव्हाच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत फाशी सुनावली, पुढे ती जन्मठेपेवर आली, आणि 1957 मध्ये तो चेकोस्लोव्हाकियाच्या मिरोव्ह तुरुंगात मरण पावला. स्लोव्हाकियात त्याच्याबद्दलचे मत आजही दुभंगलेले आहे, कारण सीमेबाबतचे त्याचे राजकारण तिथे अनेकांना मान्य नाही. तरी त्या दिवशी खाली राहिलेला तो हात माझ्या मनातून काही जाईना.

दुसरा दिवस : फोर्खटेनश्टाइन

मिक्लोशला मुंकाच फार काळ लाभले नाही. सम्राटाने ट्रान्सिल्व्हेनियाच्या राजाशी तह केला तेव्हा मुंकाच सोडावे लागले, आणि त्याच्या मोबदल्यात 1622 मध्ये आयझेनश्टाट आणि फोर्खटेनश्टाइन ही दोन ठाणी एस्तरहाझींच्या ताब्यात आली. दूरचा किल्ला देऊन व्हिएन्नाच्या दाराशी घर मिळाले, म्हणजे सौदा वाईट झाला नाही. फोर्खटेनश्टाइनला हंगेरियन लोक फ्राक्नो म्हणतात, आणि घराण्याची मिक्लोशपासूनची शाखा स्वतःला फ्राक्नोचे एस्तरहाझी म्हणवते.

किल्ला दाट झाडीच्या डोंगरावर आहे. आतल्या चौकात 142 मीटर खोल विहीर आहे आणि ती तुर्की कैद्यांकडून खोदून घेतली असे सांगतात. वाटाड्याने कठड्यावरून तांब्याभर पाणी खाली ओतले आणि ओठांवर बोट ठेवले. मनात सहा आकडे मोजून झाले तेव्हा कुठे खालून आवाज आला. तोही 'डुबुक्' असा नव्हे, दूर कुठेतरी कुणी कापड फाडावे तसा. आमच्या शेजारचा एक लहान मुलगा एवढा घाबरला की त्याने कठड्यावरचा हात झटकन मागे घेतला.

हा किल्ला राहण्यासाठी नव्हता, ठेवण्यासाठी होता. शस्त्रागारात तलवारी, ढाली, बंदुका, शिरस्त्राणे अशा हजारो वस्तू आहेत, आणि तुर्कांकडून जिंकलेली लूटही त्यातच आहे. खजिन्याच्या दालनाला दोन वेगवेगळ्या किल्ल्या लागत. एक राजपुत्राकडे, दुसरी खजिनदाराकडे. त्यामुळे मालकालाही स्वतःच्या खजिन्यात एकट्याने शिरता येत नसे. घराणे टिकवण्याचे शास्त्र असे असते!

हा सारा संग्रह मुख्यतः मिक्लोशच्या मुलाने, पालने, उभा केला. तो घरचा थोरला वारस नव्हता. 26 ऑगस्ट 1652 रोजी व्हेझेकेनी गावाजवळ तुर्कांच्या तुकडीशी चकमक झाली, आणि त्या एका दिवसात चार एस्तरहाझी कापले गेले : घराचा प्रमुख लास्लो आणि त्याचे तीन चुलतभाऊ. लास्लोचा धाकटा भाऊ पाल त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचा होता. धर्मगुरू व्हावे या तयारीने शिकणारा हा मुलगा रातोरात घराण्याचा धनी झाला. जहागीर घरातच राहावी म्हणून त्याने सावत्रभावाच्या मुलीशी, म्हणजे आपल्या पुतणीशी, लग्न केले, आणि त्यासाठी पोपची खास परवानगी मिळवली.

'निष्ठा' हा शब्द पालच्या चरित्रात फार जड होतो. 1671 मध्ये सम्राटाविरुद्धच्या कटाबद्दल काउंट फेरेन्स नादाश्दीचा व्हिएन्नात शिरच्छेद झाला. हा नादाश्दी पालच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. त्याच्या जमिनी जप्त झाल्या आणि त्यांतला मोठा वाटा कालांतराने पालच्या हाती आला. 1681 मध्ये पाल वडिलांप्रमाणेच नादोर झाला. 1682 मध्ये त्याने दुसरे लग्न केले ते एव्हा थ्योक्योलीशी; तिचा भाऊ इम्रे त्याच वेळी सम्राटाविरुद्धच्या बंडाचा म्होरक्या होता. एक मेहुणा वधस्तंभावर, दुसरा बंडात, आणि पाल मात्र सम्राटाच्या दरबारात. 1687 मध्ये हंगेरीच्या सभेने हॅब्सबर्गांचा वंशपरंपरागत राजेपणा मान्य केला आणि अन्यायी राजाला विरोध करण्याचा सरदारांचा हक्क सोडून दिला. हा हक्क 1222 च्या सुवर्ण सनदेपासून चालत आला होता. त्या सभेचा नादोर पाल होता, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याला साम्राज्याचा राजपुत्र हा किताब मिळाला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की हिशेब लागतो.

किल्ल्यात पूर्वजांच्या चित्रांची एक लांबलचक माळ आहे. 1700 साली पालने घराण्याच्या गौरवाचा एक सचित्र ग्रंथ छापवून घेतला, आणि त्यात वंशावळ थेट हूणांच्या अटिलापर्यंत नेऊन भिडवली. भाटांनी सूर्यवंशाशी नाते जोडून द्यावे तसा हा प्रकार. चित्रांच्या माळेत वालाकियाचा व्लाद, म्हणजे जगाला ड्रॅक्युला म्हणून ठाऊक असलेला सरदारही पूर्वज म्हणून उभा आहे. पुरुषभर उंचीच्या त्या चित्रापुढे ताई बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "दोनशे वर्षांपूर्वी छोटे जमीनदार होते, हे सांगायला लाज वाटत असणार रे."

तिसरा दिवस : आयझेनश्टाट

फोर्खटेनश्टाइन ही घराण्याची तिजोरी होती, तर आयझेनश्टाट ही त्याची बैठक. मध्ययुगीन किल्ल्याचा हा बरोक राजवाडा 1663 पासून कार्लोने या इटालियन स्थपतीने पालसाठी केला. मधल्या मोठ्या दालनाला आज हायडन दालन म्हणतात. भिंती आणि छत चित्रांनी भरलेले आहे, पण ताईची नजर जमिनीवर होती. फरशीवर लाकडाची जमीन घालून घेतली ती आवाज घुमू नये म्हणून. तिने चपलेची टाच हलकेच आपटून पाहिली. आवाज आला आणि तिथेच विरला.

1 मे 1761 रोजी पाल आंतोन एस्तरहाझीने एकोणतीस वर्षांच्या योझेफ हायडनला उपसंगीतप्रमुख म्हणून नेमले. त्या करारनाम्यातली कलमे वाचताना गंमतही वाटते आणि जरा बोचतेही. हायडनने पांढरे मोजे, पांढरा सदरा आणि पावडर लावलेली वेणी किंवा केसांचा टोप अशा थाटातच हजर राहावे, वादकांनीही तसेच राहावे. रोज दुपारच्या आधी आणि नंतर मालकाच्या दालनाबाहेर उभे राहून आज संगीत हवे आहे का हे विचारावे. आणि मालकाच्या परवानगीवाचून कुणासाठी काही रचू नये, रचलेले कुणाला देऊ नये. पगार वर्षाला 400 गुल्डन. हे कलावंताशी केलेल्या करारासारखे नाही, घरातल्या कारकुनाच्या नेमणुकीसारखे आहे. पुढल्याच वर्षी पाल आंतोन वारला आणि धाकटा भाऊ मिक्लोश गादीवर आला. त्याच्याबद्दल उद्या लिहितो.

दुपारी डोंगरावरच्या चर्चमध्ये हायडनची समाधी पाहिली. या समाधीची कथा कुणी कल्पनेने लिहिली असती तर संपादकाने परत पाठवली असती. 1809 साली हायडन व्हिएन्नात वारला तेव्हा शहर नेपोलियनच्या ताब्यात होते. डोक्याच्या आकारावरून बुद्धी ओळखण्याचे खूळ तेव्हा जोरात होते, आणि एस्तरहाझींकडे पूर्वी चिटणीस असलेल्या योझेफ रोझेनबाउमने एका मित्राच्या साथीने थडग्यातून हायडनचे मस्तकच चोरले. 1820 मध्ये राजपुत्र दुसऱ्या मिक्लोशने आपल्या संगीतकाराचा देह आयझेनश्टाटला आणायचे ठरवले, शवपेटी उघडली, तर आत नुसता टोप! शोधपथक घरी आले तेव्हा रोझेनबाउमने कवटी बायकोच्या गादीखाली ठेवली आणि ती आजारी म्हणून वर झोपून राहिली. राजपुत्राला त्याने दुसरीच एक कवटी देऊन वाटेला लावले. खरी कवटी व्हिएन्नाच्या संगीतसंस्थेतून 1954 मध्ये परत आली. आधीची कवटी मात्र कुणी काढली नाही, त्यामुळे या संगमरवरी समाधीत आज एका धडाबरोबर दोन मस्तके आहेत.

हा दुसरा मिक्लोश तोच, ज्याच्यासाठी बेथोव्हनने 1807 साली सी-मेजर मास, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे संगीत, रचला आणि याच गावात स्वतः सादर केला. राजपुत्राला तो आवडला नाही. हायडनच्या सवयीचा कान होता त्याचा.

राजवाड्यापासून दोन मिनिटांवर उंटरबेर्ग ही जुनी ज्यू वस्ती आहे. 1670 मध्ये सम्राट लिओपोल्डने ज्यूंना व्हिएन्नातून हाकलले, तेव्हा पाल एस्तरहाझीने त्यांना आपल्या जहागिरीत आश्रय दिला. कर घेतला आणि संरक्षण दिले. दयेपेक्षा व्यवहार जास्त होता हे खरे, पण त्या व्यवहारावर एस्तरहाझींच्या मुलखात सात ज्यू गावे अडीचशे वर्षांहून अधिक काळ नांदली. गल्लीच्या तोंडाशी दगडी खांबाला एक लोखंडी साखळी अडकवलेली आहे. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी गाड्या आत येऊ नयेत म्हणून ती आडवी लावत. 1938 मध्ये नाझींनी ही वस्ती रिकामी केली. मी साखळी हातात घेऊन पाहिली; कड्या आतून झिजून पातळ झाल्या आहेत.

चौथा दिवस : फेर्तोद

1921 मध्ये आयझेनश्टाट आणि भोवतालचा पट्टा ऑस्ट्रियाला मिळाला, तर शेजारच्या शोप्रोन शहराने त्याच डिसेंबरात सार्वमत घेऊन हंगेरीत राहणे पसंत केले. एस्तरहाझींची जहागीर अशी दोन देशांत वाटली गेली. हंगेरीत शिरताना सीमेवर आम्हाला गाडीचा वेगही कमी करावा लागला नाही. वाटेत शोप्रोनपाशी ताईने डावीकडे हात दाखवला. ऑगस्ट 1989 मध्ये तिथेच सीमेवरच्या सहलीचे निमित्त करून शेकडो पूर्व जर्मन नागरिक ऑस्ट्रियात निसटले होते. पुढे रस्ताभर वेत आणि बोरू. फेर्तो सरोवराच्या काठची ही जमीन सपाट, ओलसर आणि डासांची.

अशा दलदलीत कुणी महाल बांधेल का? पाल आंतोनच्या धाकट्या भावाने, भव्य असे बिरुद मिळालेल्या मिक्लोशने, बांधला. एस्तरहाझा हा राजवाडा नालाकृती अंगणाभोवती उभा आहे, त्यात 126 खोल्या आहेत, आणि समोरच्या लोखंडी दाराची वेलबुट्टी इतकी नाजूक आहे की ते दार वाऱ्याने हलेल असे वाटते. सम्राट जे करू शकतो ते मीही करू शकतो, असे तो म्हणे अशी आख्यायिका आहे. 400 जणांचे ऑपेरागृह 1768 मध्ये हायडनच्याच ऑपेराने उघडले. 1773 मध्ये कळसूत्री बाहुल्यांचे स्वतंत्र नाट्यगृह झाले, आणि त्याच सप्टेंबरात सम्राज्ञी मारिया तेरेसा पाहुणी म्हणून आली. 1779 मध्ये ऑपेरागृह जळाले आणि पुन्हा उभे राहिले. 1786 या एका वर्षात इथे ऑपेराचे 125 प्रयोग झाले. एवढे प्रयोग, आणि भोवती गाव म्हणावे असे गावही नाही.

महालाखालची ही जमीन फेरेन्स नादाश्दीची होती. शिरच्छेदानंतर जप्त झालेल्या कापुवारच्या जहागिरीतून ती पालकडे आली, आणि पालच्या नातवाने तिच्यावर दिवाणखाने बांधले. सोनेरी नक्षीच्या दालनातून फिरताना हे कुणी सांगत नाही.

आतल्या एका काचेच्या कपाटापुढे मात्र ताई अडकली. तिथे बॅरिटोन नावाचे वाद्य होते. गजाने वाजवायच्या आतड्याच्या तारा पुढे, आणि मानेच्या मागच्या पोकळीत धातूच्या तारांची दुसरी रांग. "अरे, या तर तरफा!" ती जवळजवळ ओरडलीच. सतारीला किंवा सारंगीला असतात तशाच तरफा, पुढची तार वाजली की आपोआप झंकारणाऱ्या. फरक एवढाच की बॅरिटोनवादक गज चालवत असतानाच डाव्या हाताच्या अंगठ्याने मागच्या तारा छेडूही शकतो. ताई कपाटाच्या बाजूने वाकून मागची पोकळी बघत राहिली, आणि आपला अंगठा हवेत वाकवून तो कुठवर पोचेल हे अजमावत राहिली. हे अवघड वाद्य मिक्लोश स्वतः वाजवी, आणि त्याच्यासाठी हायडनला तीन वाद्यांची सव्वाशेच्या आसपास त्रिकुटे लिहावी लागली. अशी आज्ञा झाली म्हणून लिहिलेले संगीत, ज्याचे वाद्यच पुढे जगातून जवळजवळ नाहीसे झाले.

1772 च्या शरद ऋतूत राजपुत्र नेहमीपेक्षा लांब मुक्कामाला राहिला. बहुतेक वादकांना कुटुंब आणण्याची परवानगी नव्हती. बायकामुले आयझेनश्टाटला होती. तक्रार करायची कशी? हायडनने एक सिंफनी रचली. तिच्या शेवटी एकेक वादक आपला भाग संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. सरतेशेवटी दोन व्हायोलिने उरतात, तीही मंद होत थांबतात. मिक्लोशला अर्थ कळला आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधायचा हुकूम सुटला. करारनाम्यातल्या चाकराने आणि मालकाने एकमेकांना इतके नेमके ओळखले होते, हे मला त्या महालातल्या कुठल्याही आरशापेक्षा मोलाचे वाटले. जगापासून तुटल्यामुळेच मला स्वतःसारखे व्हावे लागले, अशा अर्थाचे हायडन म्हातारपणी बोलला होता. दलदलीच्या काठावर उभे राहिले की त्यातले तुटलेपण आधी कळते.

1790 मध्ये मिक्लोश वारला. मुलाने, आंतालने, बहुतेक वादकांना निरोप दिला, हायडन लंडनला गेला, आणि महाल शतकभर ओस पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजपुत्र चौथ्या मिक्लोशच्या पत्नीने, मार्गित त्सिराकीने, तो पुन्हा राहता केला. पण ती 1910 मध्ये तरुणपणीच गेली. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी रुग्णालय होते. 1950 मध्ये शेजारच्या गावाशी जोडून या जागेचे नावही फेर्तोद केले गेले, म्हणजे नकाशावरून एस्तरहाझी पुसले गेले.

पाचवा दिवस : गान्ना

पापा शहराजवळ गान्ना नावाचे खेडे आहे, आणि त्या खेड्यात रोमच्या पॅन्थेऑनची आठवण करून देणारे घुमटाचे चर्च आहे. काउंट शाखेच्या मिक्लोशने 1808 ते 1818 या काळात शार्ल मोरो या फ्रेंच स्थपतीकडून ते बांधून घेतले. वर गावाचे चर्च, खाली घराण्याची दफनभूमी. चर्च बंद होते. शेजारच्या घरातल्या बाईंनी ताईची मोडकी हंगेरियन ऐकून घेतली आणि किल्ली आणून दिली.

इथे मला एकच थडगे पाहायचे होते. लेखक पेतर एस्तरहाझी 2016 मध्ये गेला आणि इथे पुरला गेला. त्याचे आजोबा मोरित्स 1917 च्या उन्हाळ्यात दोन महिने हंगेरीचे पंतप्रधान होते. नातू 1950 मध्ये जन्मला आणि पुढच्याच वर्षी सरकारने 'वर्गशत्रू' म्हणून हे कुटुंब बुडापेस्टमधून उचलून खेड्यात नेऊन टाकले. पेतर गणित शिकला. त्याचा भाऊ मार्तोन 1986 च्या विश्वचषकात हंगेरीकडून फुटबॉल खेळला, आणि त्याचे नाव ऐकून त्या बाईंचा चेहरा जितका खुलला तितका कुठल्याही राजपुत्राच्या नावाने खुलला नव्हता.

सहावा दिवस : बुडापेस्ट

सकाळी ललितकला संग्रहालयात गेलो. दुसऱ्या मिक्लोशने चित्रांवर पाण्यासारखा पैसा ओतला. त्याचा मुलगा तिसरा पाल आंताल लंडनमध्ये राजदूत असताना रत्नजडित पोशाखासाठी प्रसिद्ध होता. 1848 च्या क्रांतीत तो हंगेरीच्या मंत्रिमंडळात, राजा आणि मंत्र्यांमधला दुवा म्हणून, काही महिने बसला, आणि राजा व मंत्रिमंडळ यांचे फाटणार हे दिसताच त्याने राजीनामा दिला. तोवर कर्ज गळ्याशी आले होते. शेवटी 637 चित्रे आणि हजारो रेखाटने हंगेरी सरकारने विकत घेतली, आणि या संग्रहालयाचा पाया त्यांतूनच घातला गेला.

राफाएलची 'एस्तरहाझी मॅडोना' तिथेच आहे. चित्र शाळेच्या वहीपेक्षा फारसे मोठे नाही, आणि अपुरे आहे : काही ठिकाणी रंगाखालची रेघ अजून दिसते. 1983 मध्ये ते इतर सहा चित्रांबरोबर चोरीला गेले आणि दोन-अडीच महिन्यांनी ग्रीसमध्ये एका मठाच्या आवारात सापडले.

शेवटचा राजपुत्र, पाचवा पाल, याच शहरात राहिला. हंगेरीतला सर्वांत मोठा जमीनदार असूनही 1945 मध्ये तो पळून गेला नाही. जमिनी गेल्या. 1946 मध्ये त्याने इथल्या ऑपेराची नर्तिका मेलिंदा ओत्रुबाय हिच्याशी लग्न केले. 1949 मध्ये हंगेरीचा कॅथलिक धर्मप्रमुख कार्डिनल मिंदसेंती याच्या खटल्यात तोही आरोपी होता. परकीय चलनाच्या गुन्ह्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा झाली. 1956 च्या उठावात तुरुंगाची दारे उघडली तेव्हा तो सुटला, झुरिकला गेला, आणि मे 1989 मध्ये, आपण परवा पाहिलेल्या त्या सीमेवरची सहल घडण्याच्या तीन महिने आधी वारला. सम्राट 1918 मध्येच गेला होता. अडीचशे वर्षांच्या निष्ठेचे बिल ज्याने भरले त्याने निष्ठेचे फळ मात्र फार थोडे चाखले होते.

दुपारी एका पुस्तकांच्या दुकानात ताईने पेतर एस्तरहाझीची दोन पुस्तके मागितली. पहिल्याचे नाव 'हार्मोनिया सेलेस्टिस'. 1711 मध्ये पूर्वज पालने याच नावाने आपल्या धार्मिक रचनांचा संग्रह छापला होता, आणि पेतरने 2000 साली घराण्यावरच्या, विशेषतः वडिलांवरच्या कादंबरीला तेच नाव दिले. ती लिहून होताच त्याला अभिलेखागारात काही फायली दाखवण्यात आल्या. खेड्यात टाकलेले, भाषांतरे करून पोट भरणारे ते वडील वर्षानुवर्षे गुप्त पोलिसांचे खबरी होते, आणि अहवाल त्यांच्याच अक्षरात होते. 2002 मध्ये पेतरने दुसरे पुस्तक छापले, 'सुधारित आवृत्ती' अशा अर्थाच्या नावाचे.

दुकानदाराने ते उघडून आमच्यापुढे धरले. वडिलांच्या अहवालांतले मजकूर लाल शाईत, मुलाचे म्हणणे काळ्या. मला भाषा येत नसली तरी पानावर कोण कुठे बोलतो ते दिसत होते. काळ्या ओळींत मध्येच एकटे 'के' अक्षर सुटे पडलेले होते, आणि मला तो छपाईचा दोष वाटला. दुकानदार हसला नाही. के म्हणजे 'क्योन्न', त्याने ताईला सांगितले, आणि ताईने मला. अश्रू. फायली वाचताना जिथे रडू आले तिथे दरवेळी शब्दभर लिहीत न बसता त्याने नुसते अक्षर टाकले आहे. ताईने पान उलटले आणि बोटाने के मोजू लागली.